नूतन आणि न उच्चारला जाणारा आजार

बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’ (१९६३) या चित्रपटात तुरुंगातील एका म्हाताऱ्या कैदी बाईला क्षय होतो. संसर्गाच्या भीतीने तिच्याजवळ जायला कुणी तयार नसते. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असलेली कल्याणी आपणहून पुढे होते आणि तिची शुश्रूषा पत्करते. त्याआधी १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेली मानलेली मुलगीच आईला रक्त देऊन वाचवते, कारण घरात दुसऱ्या कुणाचे रक्त जुळत नाही. ती आई सुलोचनादीदींनी उभी केली होती. सुजाता आणि कल्याणी, दोन्ही भूमिका नूतन यांच्या. दुसऱ्याच्या आजारपणात धावून जाणाऱ्या या दोन स्त्रिया प्रेक्षकांच्या मनात कायमच्या राहिल्या. नूतन यांना स्वतःला मात्र वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गाठले.

नूतन समर्थ यांचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत एका मराठी घरात झाला. वडील कुमारसेन समर्थ चित्रपट दिग्दर्शक, तर आई शोभना समर्थ त्या काळातील आघाडीच्या अभिनेत्री. चार भावंडांत नूतन थोरल्या; तनुजा त्यांची धाकटी बहीण. लहानपणी त्या अंगाने अगदी किरकोळ होत्या आणि आपण दिसायला चांगल्या नाही, असे त्यांना वाटे. आईनेच दिग्दर्शित केलेल्या ‘हमारी बेटी’मधून १९५० मध्ये त्या नायिका झाल्या. पुढे काही काळ स्वित्झर्लंडमध्ये शिकून त्या परतल्या. १९५५ च्या ‘सीमा’मध्ये सुधारगृहात आलेली बंडखोर अनाथ मुलगी त्यांनी केली आणि पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवला.

१९५९ मध्ये नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर नायिकेने घरी बसावे, अशी तेव्हाची रीत होती. नूतन यांनी ती पाळली नाही. मुलगा मोहनीशचा जन्म १९६१ चा, आणि ज्या भूमिकेसाठी त्या सर्वाधिक ओळखल्या जातात ती ‘बंदिनी’ची कल्याणी त्यानंतरची. १९६० च्या ‘छबिली’मध्ये स्नेहल भाटकर यांच्या संगीतात त्या स्वतः गायल्याही. ‘मिलन’ आणि त्यानंतर १९७८ चा ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ धरून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच फिल्मफेअर त्यांच्या नावावर झाले. हा विक्रम पुढे त्यांची भाची काजोलने गाठला. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पन्नाशीच्या आसपास त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या आणि ‘मेरी जंग’साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळवला. दूरदर्शनवरील ‘मुजरिम हाजिर’मधील त्यांची कालीगंजची सून अनेकांना आजही आठवते.

१९९० मध्ये त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार झाले. आजार अंगावर असतानाही काम सुरू होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रकृती बिघडून त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा ‘गर्जना’ आणि ‘इन्सानियत’ या चित्रपटांचे चित्रीकरण चालू होते. २१ फेब्रुवारीला दुपारी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘इन्सानियत’ त्यानंतर तीन वर्षांनी, १९९४ मध्ये प्रदर्शित झाला.

तेव्हा वैद्यकशास्त्र रिकाम्या हाताने उभे होते असे नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या उपलब्ध होत्या. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून काम करत होते. पण मॅमोग्राफीची सोय मोजक्या ठिकाणी होती आणि ‘कॅन्सर’ हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. त्यातही स्तनाची गाठ म्हणजे दुहेरी संकोच. बाई सांगत नसे आणि घरचे विचारत नसत.

क्षयाच्या बाबतीतही हेच घडले होते. ‘बंदिनी’ची कथा १९३४ च्या सुमाराची, तेव्हा क्षयावर औषध नव्हते. चित्रपट आला तोवर औषधे आली होती. घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्येच दाखवले होते. तरी क्षयाच्या रुग्णाचे कप-बशी वेगळे ठेवणे पुढे कित्येक वर्षे सुरूच राहिले. उपचार येतात, पण भीती जायला वेळ लागतो.

स्तनाच्या कर्करोगाबाबत आपण आज त्याच टप्प्यावर आहोत. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभरांपैकी जेमतेम एका स्त्रीने कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतल्याचे दिसले.

या तपासणीला मोठे यंत्र लागतेच असे नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. पण म्हणून त्या वयात लागलेल्या गाठीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि नेमके म्हणूनच ती अंगावर काढली जाते. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, त्वचा आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक साध्याच निघतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. तीस वर्षांपुढील स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत केली जाते. मराठवाड्यातील रुग्णांना त्यासाठी मुंबई गाठण्याचीही गरज नाही. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे आणि आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

कल्याणी दुसरीच्या खाटेजवळ न घाबरता गेली. सासूचे पथ्य, नवऱ्याची साखर, मुलांचे लसीकरण सांभाळणाऱ्या घरोघरच्या स्त्रियांमध्ये तेवढे धैर्य असतेच. त्यातले थोडे त्यांनी स्वतःसाठी वापरावे, आणि घरच्यांनी त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे.