सुलतानाची अपुरी वेधशाळा

येत्या 3 मार्चला अमरावती-अकोल्यात रोजा सोडण्याची वेळ आणि चंद्रोदय जवळजवळ एकाच सुमारास येत आहेत. त्या दिवशी पूर्वेला उगवणारा पौर्णिमेचा चंद्र पूर्ण दिसणार नाही, ग्रहण लागलेलाच वर येईल. 6 वाजून 47 मिनिटांनी त्याच्यावरची गडद सावली सरेल. इफ्तारची खजूर हातात घेऊन गच्चीवर जा, ग्रहणाची नमाजही अदा करा.

मिनिटापर्यंतचा हा हिशेब पिढ्यानपिढ्या आकाशाकडे बघत बसलेल्या माणसांमुळे जमतो. आपल्या दख्खनमध्येही एका बादशहाने अशी माणसे बसवायचे ठरवले होते. त्याचे नाव ताजुद्दीन फिरोजशाह बहमनी.

फिरोजशाह 1397 मध्ये गुलबर्ग्याच्या तख्तावर आला. वऱ्हाड त्याच्याच राज्यात होते. बैतूलकडच्या खेरल्याचा राजा नरसिंगराय माहूरपर्यंत चाल करून आला, तेव्हा 1399 च्या सुमारास सुलतान स्वतः अचलपूरला येऊन राहिला. त्याने भाऊ अहमद आणि फजलुल्ला इंजू यांना खेरल्यावर धाडले. राजा हरला, अचलपूरला येऊन भेटला, तह झाला आणि राजाची मुलगी सुलतानाच्या घरी आली. फजलुल्ला इंजू हे सुलतानाचे गुरू. गुरूलाच फौजेबरोबर लढाईवर पाठवणारा हा शिष्यही वेगळाच म्हणायचा!

फरिश्त्याच्या इतिहासात या माणसाचे जे चित्र आहे ते लढायांपेक्षा मोठे आहे. त्याला अनेक भाषा येत. तो स्वतःच्या हाताने कुरआनची नक्कल करी, तौरात आणि इंजीलही वाची. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थ्यांना गणित, भूमिती शिकवी. दाभोळ-चौलच्या पट्ट्यातून आणि गोव्याहून त्याची जहाजे परदेशी जात. मालाबरोबर विद्वान माणसेही आणा, असा त्याचा हुकूम असे. शराब आणि गाणे हे दोन शौक मात्र त्याला सुटले नाहीत, हेही फरिश्त्याने झाकलेले नाही.

1407 मध्ये त्याने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला घेतली. काम हकीम हसन गिलानी आणि सय्यद महमूद काझरूनी यांच्याकडे सोपवले. समरकंदची उलुगबेगची वेधशाळा उभी राहिली ती 1420 च्या दशकात, म्हणजे आपली सुरुवात तिच्याही आधीची. तिथून 1,018 ताऱ्यांची यादी निघाली आणि ती जगभर वापरली गेली. इथे काय झाले? हकीम हसन वारले आणि काम अर्धवट राहिले.

मला ही गोष्ट नेहमी खटकते. लढाईत सरदार पडला तर दुसऱ्या दिवशी नवा नेमला जाई, फौज थांबत नसे. वेधशाळा मात्र एका हकिमाबरोबर थांबली. ज्या कामाला एक आयुष्य पुरत नाही, ते एकाच माणसाच्या भरवशावर टांगले होते. गुरूला आकाशाची एक फेरी करायला सुमारे 12 वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस. फिरोजशाहची सगळी कारकीर्द 25 वर्षांची. त्याच्या राज्यात शनीची एक फेरीसुद्धा पुरी झाली नाही.

पुढे पानगलच्या वेढ्यात रोगराईने फौज गेली, विजयनगरच्या देवरायाकडून मोठा पराभव झाला. 1422 मध्ये भाऊ अहमद फौजेसह उलटला. फिरोजशाहने तख्त त्याच्या हवाली केले आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले. त्याची कबर गुलबर्ग्याला आहे.

हाच अहमदशाह नंतर अचलपूरला येऊन राहिला. त्याने चिखलदऱ्याचा गाविलगड बांधला, अकोल्याकडचा नरनाळा दुरुस्त केला. धाकट्याचे किल्ले आपण सहलीला जाऊन पाहतो, थोरल्याची वेधशाळा इतिहासाच्या एका ओळीत उरली आहे.

चिखलदऱ्याला गेलात तर रात्री थांबा. शहरातल्या दिव्यांपासून दूर असल्याने तिथे तारे भरपूर दिसतात. 9 जूनच्या सुमारास, पावसाने सवड दिली तर, सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र आणि गुरू अगदी शेजारी दिसतील. ऑगस्टच्या उल्का आपल्याकडे बहुधा ढगांतच जातात. 14 डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतून उल्का पडतील. चंद्र रात्री लवकर मावळेल, म्हणून मध्यरात्रीनंतर बघा. थंडी कडक असते, घोंगडी न्या.