विदुषी सॉर ह्वाना

भगिनींनो, मुलीला विद्येची ओढ लागली म्हणजे ती किती अडचणींतून वाट काढते, हे मेक्सिकोच्या सॉर ह्वाना इनेस दे ला क्रूस यांच्या चरित्रावरून कळते. आपल्या घरातली मिरची मूळची ज्या देशाची, त्याच देशातील एका खेड्यात सतराव्या शतकात त्यांचा जन्म झाला. तेव्हा तेथे स्पेनच्या राजाची सत्ता होती.

आई शेतीचा मोठा कारभार सांभाळी, पण तिला लिहितावाचता येत नव्हते. तीन वर्षांची ह्वाना थोरल्या बहिणीच्या मागोमाग शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. आईनेच शिकवायला सांगितले आहे, अशी थाप मारून ती वाचायला शिकली. पुढे राजधानीत विद्यापीठ असल्याचे कानी आले. तेथे मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून मुलाचा वेष देऊन मला पाठव, असा हट्ट तिने आईपाशी धरला. आईने नकार दिला. मग ह्वानाने आजोबांची पुस्तके वाचून काढली. ठरवलेल्या मुदतीत धडा आला नाही, तर ती आपले केस कापून टाकी!

पुढे व्हाइसरॉयच्या दरबारी सुमारे ४० विद्वानांनी तिची परीक्षा घेतली, त्यातही ती उतरली. लग्न करायचे नव्हते आणि अभ्यास तर करायचा होता. म्हणून १६६९ साली मेक्सिको शहरातील सान हेरोनिमो मठात त्यांनी दीक्षा घेतली. तेथे त्यांनी काव्ये व नाटके लिहिली, ग्रंथ जमवले आणि शास्त्रांचा अभ्यास केला.

एकदा मठातील वरिष्ठ बाईंनी त्यांना पुस्तकांची बंदी केली. ती सुमारे तीन महिने टिकली. पण डोळ्यांना बंदी कोण करणार? मुली भोवरा खेळत होत्या, तर त्यांनी खाली पीठ पसरायला लावले. जोर कमी होतो तशी भोवऱ्याची रेघ चकलीसारखी आत वळत जाते, हे त्यांनी पाहिले. स्वयंपाकघरात तर त्यांना शाळाच सापडली. अंडे तुपातेलात एकजीव राहते आणि पाकात विस्कटते. आंबट फळाचे थोडे पाणी घातले की पाक पातळ राहतो, हे त्यांनी टिपून ठेवले. आपणही पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतोच. त्या मात्र असे का होते, याचा विचार करीत.

बाईमाणसाने धर्मग्रंथांकडेच लक्ष द्यावे, असा उपदेश एका बिशपने त्यांना केला. १६९१ साली त्यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिले. पुरुष शिक्षकाच्या धास्तीने आईबाप मुलींना अडाणी ठेवतात, तेव्हा वडीलधाऱ्या शिकलेल्या बायकांनीच मुलींना शिकवावे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे मात्र विरोध वाढला आणि ग्रंथ हातचे गेले. १६९५ साली साथीत आजारी भगिनींची शुश्रूषा करताना त्यांनाही रोग जडला व १७ एप्रिल रोजी त्यांचा अंत झाला.

आज त्यांच्या मठाच्या जागी त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे आणि तेथे मुलीही शिकतात. मेक्सिकोच्या १०० पेसोच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

भगिनींनो, चुलीपाशी उभी राहून मुलगी असे का होते म्हणून विचारील, तेव्हा तिला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक नसले, तर दोघींनी मिळून शोधावे.