उष्णतेचा ताळेबंद : उद्योगमहर्षी शंतनुराव किर्लोस्कर

निपाणीहून बेळगावकडे जाताना तवंदी घाटाच्या चढावर, ऐन मे महिन्यात, बॉनेट उघडून उभा असलेला एखादा ट्रक तुम्ही पाहिला असेल. इंजिन तापले, एवढे म्हणून आपण पुढे जातो. याच तापणाऱ्या इंजिनांचा उद्योग ज्यांनी आपल्या देशात रुजवला, त्या शंतनुराव किर्लोस्करांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवले. पण तिथली जागा त्यांना सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा शंतनुराव अवघे सात वर्षांचे होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. १९४१ साली हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना निघाला आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. त्या काळी विहिरीवरची बहुतेक इंजिने परदेशातून येत.

इंजिन म्हणजे उष्णतेचा ताळेबंदच. जाळलेल्या डिझेलमधील ढोबळमानाने एक तृतीयांश शक्तीच कामी येते. तेवढीच धुरावाटे जाते. उरलेली उष्णता बाहेर काढली नाही, तर पिस्टन फुगून अडकतो. म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळवतात, किंवा त्याला पात्या ठेवून वारा देतात. विहिरीवर पाणी हाताशीच असते. धावत्या गाडीला मात्र तेच पाणी पुनःपुन्हा वापरावे लागते. ते पंपाने फिरते आणि रेडिएटरमध्ये थंड होते. किर्लोस्करांची एका सिलिंडरची इंजिने आजही अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांच्यावर विद्यार्थी हाच ताळेबंद मांडायला शिकतात.

१९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी सुरू झाली. या कंपनीचे मोठे कॉम्प्रेसर शीतगृहांत चालतात. मोटारीच्या एसीचे तत्त्वही तेच, यंत्र फक्त लहान. कॉम्प्रेसर वायू दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, आणि आत पुन्हा वायू होताना गाडीतील उष्णता शोषून घेतो. म्हणजे एसी थंडी तयार करीत नाही. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. ही जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेच असते आणि कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर पडतो. म्हणून घाटात तापमानाचा काटा चढू लागला, की आधी एसी बंद करावा. काटा तरीही उतरला नाही, तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे, ही विनंती.

शंतनुरावांना १९६५ साली पद्मभूषण मिळाले. २४ एप्रिल १९९४ रोजी ते निवर्तले. बेळगावात पाय रोवू पाहणाऱ्या घराला जागा सोडावी लागली, तरी त्यांनी कटुता धरली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना कारखाने उभे केले. आपल्या सीमाभागातील मुलांनी त्यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे : मनातल्या तापालाही कामाची वाट काढून द्यावी.