डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

वऱ्हाडांत ‘शाळा’ ही ‘शाया’ होते आणि ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. आमच्यांतील पुष्कळ विद्यार्थी घरीं असेंच बोलतात, आणि वर्गांत उत्तर देतांना मात्र त्यांस आपल्या बोलीची लाज वाटते. अशांनीं डॉ. भांडारकर यांचें चरित्र अवश्य वाचावें, असें आम्हांस वाटतें.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवण येथें झाला. त्या मुलुखाची बोलीहि पुस्तकी मराठीहून निराळीच. रत्नागिरीस शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत गेले, व १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. पुढें त्याच कॉलेजांत आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं संस्कृत शिकविलें. घरीं न बोलली जाणारी भाषा पायरीपायरीनें कशी शिकावी, हें दाखविणारीं त्यांचीं दोन संस्कृत पाठ्यपुस्तकें कित्येक पिढ्यांनीं अभ्यासिलीं.

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या नांवें मुंबई विद्यापीठांत भाषाशास्त्रावर व्याख्यानें होत. १८७७ सालीं भांडारकरांनीं तेथें सात व्याख्यानें दिलीं; तीं १९१४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. संस्कृत, पाली, प्राकृत व अपभ्रंश यांतून आपल्या देशी भाषा कशा घडल्या, हा त्यांचा विषय. ‘हस्त’ शब्दाचें प्राकृतांत ‘हत्थ’ व मराठींत ‘हात’ झालें. तसेंच ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. जोडाक्षरांतील निरनिराळे वर्ण आधीं एकसारखे होतात. मग त्यांतील एक गळतो व मागचा स्वर दीर्घ होतो. उच्चार असे बदलतात, ते नियमानें बदलतात.

हीच दृष्टि आपण आपल्या बोलीला लावून पाहूं. संस्कृत ‘फल’ मराठींत ‘फळ’ झालें, आणि वऱ्हाडी मुखांत ‘फय’. पहिला बदल शुद्ध आणि दुसरा तेवढा अशुद्ध, असें कसें म्हणावें? आपल्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. प्राकृतांत तें ‘वच्छोम’ झालें. गांवाचें नांवहि याच वाटेनें आलें आहे.

२४ ऑगस्ट १९२५ रोजीं डॉ. भांडारकर निवर्तले. त्यानंतर १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत असून दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. भांडारकरांना तो पाहावयास मिळाला असता, तर किती आनंद झाला असता!

विद्यार्थिमित्रहो, एकाच ताम्रपटांत दोन भाषा सुखानें नांदल्या. प्रमाण मराठी मन लावून शिका, इंग्रजीहि शिका. परंतु आईजवळ बोलतांना ‘डोया’ म्हणावयास संकोचूं नका. आणि आईबापांनींहि त्यासाठीं मुलांस रागें भरूं नये, एवढीच आमची विनंती आहे.