ग्लोव्हज उतरवून चेंडू हाती घेणारे लिटल्टन

लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑगस्ट १८८४ मध्ये इंग्लंडचे गोलंदाज हतबल झाले होते. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार बिली मर्डॉक यांनी २११ धावा करून कसोटीतील पहिले द्विशतक झळकाविले होते. संघाची धावसंख्या पाचशेपार गेली होती. इंग्लंडचे कर्णधार लॉर्ड हॅरिस (जे १८९० मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले) यांनी अखेर यष्टिरक्षक आल्फ्रेड लिटल्टन यांच्याकडेच चेंडू सोपविला. यष्टीमागे डब्ल्यू. जी. ग्रेस उभे राहिले.

लिटल्टन यांनी हाताखालून संथ चेंडू टाकत अवघ्या १९ धावांत चार बळी घेतले. त्यांपैकी मिडविंटर यांचा झेल ग्रेस यांनीच टिपला. ऑस्ट्रेलियाचा डाव ५५१ धावांवर संपला. इंग्लंडच्या अकराही खेळाडूंनी त्या डावात गोलंदाजी केली होती. सामना अनिर्णित राहिला.

मैदानावरील अकरा जणांपैकी कोणालाही यष्टीमागे उभे करण्याची मुभा कर्णधाराला आजही आहे. बदली खेळाडूला मात्र यष्टिरक्षणाची दीर्घकाळ मनाई होती. २०१७ च्या नियमावलीने पंचांच्या संमतीने ती उठविली. त्यामुळेच जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऋषभ पंत जखमी झाल्यावर ध्रुव जुरेलला ग्लोव्हज घालता आले.

लिटल्टन यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८५७ चा. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या लिटल्टन यांनी १८७७ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल सामन्यात गोल केला. १८८० मध्ये कसोटी पदार्पण करून ते दोन्ही खेळांत इंग्लंडचे प्रतिनिधित्व करणारे पहिले खेळाडू ठरले. कसोटी सामने मात्र ते चारच खेळले. वकिलीने त्यांना मैदानापासून दूर नेले.

घरचा आघातही मोठा होता. पहिल्या पत्नी लॉरा विवाहानंतर वर्षभरातच, १८८६ मध्ये बाळंतपणात निवर्तल्या. पुढे संसदेत गेलेले लिटल्टन १९०३ मध्ये वसाहतमंत्री झाले. ट्रान्सवालच्या खाणींसाठी चिनी मजूर नेण्यास त्यांनी दिलेली मंजुरी वादग्रस्त ठरली. त्याच ट्रान्सवालमध्ये तेव्हा गांधीजी हिंदी रहिवाशांच्या हक्कांसाठी झगडत होते. १९०६ च्या निवडणुकीत लिटल्टन यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या मतदारसंघातून ते संसदेत परतले.

खेळाची ओढ शेवटपर्यंत सुटली नाही. १९१३ मध्ये एका सामन्यात चेंडू लागल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि ५ जुलै रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.