अठ्ठावन्न नंबरची जर्सी

खरं सांगतो मित्रांनो, अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला कधी कळलाच नव्हता. नाव फुटबॉल आणि चेंडू बहुतेक वेळ हातात! डेरिक थॉमस हे नाव तर ऐकलंही नव्हतं. तिसऱ्या वर्षाला सेमिनारसाठी मला 'सीट बेल्ट' हा विषय आला. बाकीच्यांना रोबोटिक्स, हायब्रीड कार असले भारी विषय आणि माझ्या वाट्याला पट्टा! चिडतच वाचायला बसलो आणि वाचता वाचता हा माणूस भेटला.

डेरिकचा जन्म १ जानेवारी १९६७ चा, अमेरिकेतल्या मियामीचा. वडील रॉबर्ट थॉमस हवाई दलात कॅप्टन. डिसेंबर १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धात ते बी-५२ बॉम्बर विमानातून मोहिमेवर गेले ते परतलेच नाहीत. डेरिक तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. त्या मोहिमेचं नाव होतं 'लाइनबॅकर टू'. पुढे मैदानात तो ज्या जागेवर खेळून मोठा झाला तिचं नावही लाइनबॅकरच. योगायोग म्हणायचा, दुसरं काय!

बापाविना वाढलेला हा पोरगा मधे भरकटला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पण तो सावरला आणि फुटबॉलच्या जोरावर अलाबामा विद्यापीठात पोचला.

लाइनबॅकर म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा गडी. समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला गाठून आडवा करायचं, याला म्हणतात सॅक. कबड्डीतल्या पकडीसारखंच, फक्त इथे त्याच्यापुढे दांडग्या रक्षकांची भिंत असते आणि हाताशी असतात जेमतेम दोन-तीन सेकंद. डेरिकने १९८८ च्या एका हंगामात असे २७ सॅक केले आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचं बटकस पारितोषिक पटकावलं.

१९८९ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं. जर्सीचा नंबर ५८. ११ नोव्हेंबर १९९० ला, अमेरिकेतल्या माजी सैनिक दिनी, सिएटलविरुद्धच्या सामन्यात त्याने तब्बल ७ सॅक केले. एका सामन्यातला तो विक्रम तीन दशकं उलटली तरी टिकून आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. शेवटच्या चालीवर त्याने सिएटलच्या डेव्ह क्रेगला आठव्यांदा गाठलं होतं. क्रेग हातातून निसटला, त्याने चेंडू फेकला आणि सिएटल १७-१६ असं जिंकलं! सात वेळा पकडलं त्याचं कौतुक झालं, पण सामना गेला तो एकदा सुटल्यामुळे.

अकरा हंगामांत त्याने १२६.५ सॅक केले. पैसा, प्रसिद्धी सगळं मिळालं, तरी गडी आपलं लहानपण विसरला नाही. १९९० मध्ये त्याने 'थर्ड अँड लाँग' नावाची संस्था काढली. शनिवारी लायब्ररीत पोरांना जमवायचं आणि वाचनाची गोडी लावायची, हे तिचं काम. १९९३ चा लीगचा 'मॅन ऑफ द इयर' सन्मान त्याला मिळाला.

आता माझ्या सेमिनारचा भाग. २३ जानेवारी २००० ला डेरिक दोन मित्रांबरोबर विमानतळाकडे निघाला होता. सेंट लुईसला एक मोठा सामना बघायचा होता. रस्त्यावर बर्फ, गाडी डेरिक चालवत होता. गाडी घसरली आणि उलटली. डेरिकने आणि एका मित्राने पट्टा लावला नव्हता, दोघेही बाहेर फेकले गेले. तो मित्र जागीच गेला. पट्टा लावलेला तिसरा किरकोळ जखमांवर वाचला. डेरिकचं शरीर छातीखाली लुळं पडलं. ८ फेब्रुवारीला मियामीच्या हॉस्पिटलमध्ये रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून तो गेला. वय फक्त ३३. २००९ मध्ये त्याला 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं, पण ते बघायला तो नव्हता.

एकच गाडी, एकच रस्ता, एकच बर्फ. गाडी थांबते पण आतला माणूस थांबत नाही, हा न्यूटनचा पहिला नियम आपण शाळेपासून घोकतोय. व्हायव्हात मार्क मिळाले की विषय संपला! सातशे-आठशे रुपयांचं हेल्मेट खोलीत खुंटीला टांगून आपण ट्रिपल सीट टपरीवर जातो. 'इथल्या इथे तर जायचंय' हे वाक्य मीही शंभरदा म्हटलंय. ताकदवान माणसांना धडधडा आडवं करणारा डेरिकही विमानतळापर्यंतच तर निघाला होता.

सेमिनारला मार्क बरे पडले. त्या रात्री चहाला निघताना मी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. विंगमधली पोरं हसली. हसू देत.