हकीम अजमल खान

विद्यार्थी मित्रांनो, हकीम अजमल खान यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पण त्यांच्या नावाचे एक औषधही आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

हकीमसाहेबांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हकिमी चालत आलेली होती. ही विद्या ते घरातच शिकले. पुढे त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. गरिबांवर ते मोफत उपचार करत. १९२० साली त्यांनी इंग्रज सरकारने दिलेली पदवी सोडली. १९२१ साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपतीही तेच.

दिल्लीत त्यांनी तिब्बिया कॉलेज स्थापन केले. १९२१ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे युनानी आणि आयुर्वेद दोन्ही शिकवत. जुन्या औषधांनी गुण येतो, पण तो कोणत्या घटकामुळे येतो? हे रसायनशास्त्राने तपासावे, असे हकीमसाहेबांना वाटे. पहा बरे, आपल्याच विद्येची परीक्षा घ्यायला केवढे धैर्य लागते! या कामासाठी त्यांनी जर्मनीत शिकणाऱ्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाची निवड केली. परंतु २९ डिसेंबर १९२७ रोजी हृदयविकाराने हकीमसाहेबांचे निधन झाले.

काम मात्र थांबले नाही. सिद्दीकींनी संशोधनासाठी सर्पगंधा ही वनस्पती घेतली. तिच्या मुळांत अल्कलॉइड नावाची द्रव्ये असतात. ती आम्लाशी संयोग पावून क्षार बनवतात. अशा गुणधर्मांमुळे ती इतर पदार्थांपासून वेगळी काढता येतात. १९३१ साली सिद्दीकींना त्यांतील एका द्रव्याचे स्फटिक मिळाले. त्याला त्यांनी 'अजमलीन' हे नाव दिले.

आपले हृदय विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालते. हे संदेश सोडियमचे कण पेशींत शिरल्याने निर्माण होतात. अजमलीन त्या कणांची वाट अडवते. त्यामुळे संदेशांचा वेग कमी होतो आणि बिघडलेले ठोके ताळ्यावर येऊ शकतात. आज काही देशांत हृदयाचा एक छुपा आजार ओळखण्यासाठीही डॉक्टर ते वापरतात. मात्र सर्पगंधा स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. ती अपायकारक ठरू शकते.

मित्रांनो, हकीमसाहेबांना ते स्फटिक पाहायला मिळाले नाहीत. तरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तुम्हीही असेच प्रश्न विचारत राहा.